वीतभर सावली, मावळतीला

मास्तरांनी मला पस्तीस मिनिटांनी फसवलं आणि मी माझ्या बापाला एका वाक्यानं.

हे आधीच सांगून टाकतो. सौद्यात पहिला शब्द मीच टाकतो, ती माझी सवय आहे. समोरच्याला वाटतं, हा उतावळा आहे. वाटू दे. मास्तर आता ऐंशीच्या पुढं गेलेत आणि सोलापुरात माझ्या दुकानापासून रिक्षानं दहा मिनिटांवर राहतात. बापही तेवढ्याच वयाचा, गावाकडं थोरल्या भावाजवळ असतो. दोघांपैकी एकजण जाण्याआधी मला मास्तरांच्या तोंडून एक वाक्य हवं आहे, तेही चारचौघांत, उघड्यावर. 'मेंढक्याचं बरोबर होतं.' तीन शब्द. आयुष्यभर भाव पाडून घेत आलो, पण या तीनातला एकही शब्द कमी करून घेणार नाही.

गोष्ट सातवीतली. आम्ही मेंढरांवर फिरणारे, जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातले. दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचं आणि पावसाळ्याला गावात परतायचं. त्यामुळं माझी शाळा खरी पावसाळ्यातच भरायची. मास्तर हुशार होते, हे मी रागातसुद्धा नाकारत नाही. फळ्यावर खडूनं नुसत्या हातानं गोल काढायचे आणि तो परकारानं काढल्यासारखा जुळायचा. त्या दिवशी त्यांनी तसाच गोल काढला, मधून विषुववृत्ताची रेघ ओढली, रेघेच्या वर एक टिंब दिलं आणि म्हणाले, हे आपण. आपण रेघेच्या उत्तरेला, म्हणून सूर्य कायम आपल्या दक्षिणेला. भर दुपारी सावली उत्तरेलाच पडणार. लहान होईल, पण नाहीशी कधीच होणार नाही. लिहून घ्या.

सगळ्यांनी लिहून घेतलं. मी उभा राहिलो.

"गुरुजी, सावली जाती की. वर्षातनं दोनदा. कृत्तिका निघताना एकदा आन् म्हातारा सरताना एकदा."

कृत्तिका नक्षत्र मेमध्ये निघतं आणि म्हातारा म्हणजे जुलै सरतानाचा, पुष्य नक्षत्राचा पाऊस. पुनर्वसूचा पडतो तो तरणा आणि त्याच्या मागून येतो तो म्हातारा. आमच्या घरात कॅलेंडर नव्हतं, दिवस मोजायला हेच होतं.

"आणि मधल्या दिवसांत?" मास्तरांनी विचारलं.

"मधल्या दिवसांत भर दुपारची सावली दक्षिणेला पडती."

"कुणी सांगितलं हे?"

"आबांनी."

"तुझे आबा कुठल्या कॉलेजात शिकवतात?"

वर्ग हसला. मीही थोडा हसलो, ते आजही आठवतं. मग मास्तर म्हणाले, घेऊन ये त्यांना, सिद्ध करू दे. म्हातारा सरायला तेव्हा चार-पाच दिवस राहिले होते.

आबा, म्हणजे माझा बाप, आले. अंगावर घोंगडी, हातात काठी, खांद्यावर फडक्यात काहीतरी बांधलेलं. पटांगणाच्या मधोमध त्यांनी काठी रोवली, दोरीला दगड बांधून दोन बाजूंनी धरून बघितलं आणि काठी उभी सरळ केली. गवंडी ओळंबा धरतो, अगदी तसं. वर ढगांची ये-जा चालली होती, पण मध्ये मध्ये लख्ख ऊन पडत होतं. सगळी शाळा गोल करून उभी राहिली. मास्तर घड्याळ बघत होते. रोज सकाळी रेडिओच्या टोल्याला लावलेलं ते घड्याळ, एक मिनिट मागं-पुढं नसायचं. बारा वाजले, घंटा झाली आणि मास्तरांनी खाली बसून फूटपट्टीनं सावली मोजली.

सावली होती. वीतभर.

"काय आबा?" मास्तर उभे राहत म्हणाले. "ही काय आहे?"

"सावली हाय की," आबा म्हणाले. "पण मास्तर, जरा दम धरा. अजून ती मावळतीला हाय. माथ्यावर याला लई येळ हाय."

"बारा वाजले."

"तुमच्या घड्याळात वाजलं असतील. वर न्हाय वाजलं."

आता हसणं थांबेना. शिपायापासून सगळे हसले. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला काठीजवळ नेलं आणि विचारलं, "तू सांग. सावली आहे की नाही?"

मी म्हणालो, "हाय." तिथंच थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण सगळी शाळा माझ्याकडं बघत होती आणि मला त्यांच्यातला व्हायचं होतं. मी पुढं म्हणालो, "आबा खोटं बोलत्यात."

आबांनी माझ्याकडं बघितलं, रागानं नाही. "बरं," म्हणाले. काठी उपटली, तिच्या टोकाला लागलेली माती झटकली आणि मेंढरांकडं निघून गेले. आम्ही जेवायला सुटलो. पटांगणात काठीचं भोक तेवढं राहिलं.

त्या दिवसानंतर मी आबांचं काही खरं मानलं नाही. पाऊस कुठून येणार, कुठल्या माळावर गवत असेल, कुठली मेंढी गाभ धरील, ते सांगायचे आणि मी मनात म्हणायचो, फेकू नका. दहावीत आपटलो. मेंढरं वळायची लाज वाटत होती, म्हणून नातेपुत्याच्या बाजारात एका दलालामागं उभा राहू लागलो. तिथं रुमालाखाली सौदा चालायचा. दोघं हातात हात घालणार, वर उपरणं किंवा टॉवेल टाकणार आणि बोटं दाबून भाव ठरणार. बाजूला दहा माणसं उभी असली तरी भाव कळणार दोघांनाच. मी ते लवकर शिकलो आणि मालकापेक्षा बरं करू लागलो. मग लोकर, मग घोंगड्या, मग सोलापुरात एका पत्र्याच्या गाळ्यात चादरी. आज बाजारपेठेत दुकान आहे, ते कुणाच्या मेहेरबानीनं नाही. लोक म्हणतात, हा माणूस भडकतो फार, पण याला गंडवता येत नाही. माझा नियम एकच होता. समोरच्यानं वजन सांगितलं की वजनाकडं बघायचं नाही, आधी त्याचा काटा बघायचा.

तराजूच्या दांड्या तपासल्या, मीटरपट्ट्या तपासल्या. एका दुकानदाराची पट्टी बोटभर आखूड निघाली म्हणून भर रस्त्यात गुडघ्यावर मोडली. मास्तरांच्या घड्याळाकडं मात्र चाळीस वर्षांत एकदाही मान वळवून बघितलं नाही.

मग यंदाच्या मे महिन्यात एक बाई दुकानात आल्या. सोलापूरचा मे. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बाईंना पांढरी, एकही रेघ नसलेली चादर हवी होती. मी म्हणालो, सोलापुरात येऊन रेघ नसलेली चादर मागताय, म्हणजे हलवायाकडं जाऊन भाकरी मागितल्यासारखं झालं. त्या हसल्या, पण भाव सोडायला तयार नव्हत्या. घासाघीस चांगली करत होत्या, मला मजा यायला लागली होती. बोलता बोलता म्हणाल्या, "मालक, लवकर ठरवा. बारा तेवीसच्या आत मला मैदानावर पोचायचं आहे."

"बारा तेवीसला काय आहे?"

"सावली जाणार आहे. आज शून्य सावलीचा दिवस. मुलींना नीट दिसावी म्हणून खाली पांढरं अंथरायचं आहे."

मी चादर हातात धरून तसाच उभा राहिलो. सावली जाणार हे ऐकून नव्हे. ते मला बारा वर्षांचा असल्यापासून माहीत होतं आणि माहीत नसल्यासारखं करून मी जगलो होतो. मी अडलो ते तेवीसवर.

"बाराला का नाही?" मी विचारलं. आवाज चढला असावा, कारण बाजूच्या दुकानातला माणूस डोकावला. तो पद्मशाली विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू बोलतो आणि माझ्याशी भांडायला मराठी वापरतो. त्याला वाटलं, गिऱ्हाइकाशी जुंपली.

"बारा हे घड्याळाचे," बाई म्हणाल्या. "सोलापूरचे बारा वेगळे."

मी चादर त्यांना त्यांच्या भावात दिली, दुकानाचं शटर ओढलं आणि त्यांच्या मागं मैदानावर गेलो. बाई एका शाळेत विज्ञान शिकवायच्या. सुट्टीतही वीस-बावीस मुली आल्या होत्या. चादर अंथरली, मधोमध लाकडी दांडा उभा केला आणि बाईंनी ओळंबा धरला. घड्याळात बारा वाजले तेव्हा दांड्याची सावली होती, चार बोटं. आणि ती होती मावळतीकडं.

मी खाली बसलो. कुणालातरी वाटलं, ऊन लागलं. पाणी आणलं. मला ऊन लागलं नव्हतं. ती सावली आत सरकत होती, मुंगीसारखी. बारा दहा, बारा पंधरा. तेवीसला दांडा चादरीवर नुसता उभा होता, खाली काही नाही. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

अहो, काटा तिथंच होता. माझ्या डोळ्यांसमोर. सूर्य खरोखर मध्यावर आला असता तर सावली उत्तरेला तरी पडली असती, नाहीतर दक्षिणेला. मावळतीला पडली याचा अर्थच सूर्य अजून उगवतीच्या बाजूला होता, वर चढायचा होता. आबा तेच सांगत होते. मास्तरांनी वीत मोजली, पण वीत कुठल्या बाजूला आहे ते बघितलं नाही. मीही बघितलं नाही.

त्या दुपारी मी बाईंवर विनाकारण ओरडलो. हे घड्याळ कुणी लावलं, कुणाला विचारून लावलं, असं काय काय बोललो. त्यांनी शांतपणे चादरीच्या कोपऱ्यावर बोटानं रेघ ओढून दाखवली. देशाचं घड्याळ एका रेघेवर लावलेलं आहे. ती रेघ पूर्वेकडून, प्रयागराजच्या जवळून जाते. तिथं सूर्य माथ्यावर येतो तेव्हा आपण सगळीकडं बारा म्हणतो. सोलापूर त्या रेघेच्या बरंच पश्चिमेला. पृथ्वी आणखी थोडी फिरल्याशिवाय सोलापूर सूर्याखाली येत नाही. साधारण सव्वीस मिनिटं.

"आज तर तेवीसच होती."

"ती कमीजास्त होतात. पृथ्वी कलती आहे आणि सूर्याभोवती फिरताना तिचा वेग सारखा नसतो. मेमध्ये सूर्य थोडा लवकर येतो, जुलैच्या अखेरीला उशिरा. तेव्हा इथं बत्तीस-तेहेतीस मिनिटं होतील. आणखी पश्चिमेला गेलात तर पस्तीसही."

"म्हणजे सूर्याच्या दुकानात एक भाव नाही."

"नाही," बाई म्हणाल्या. "एक भाव आपण लावला. रेल्वे चालवायची तर लावावाच लागतो."

पस्तीस. आमचं गाव तिथंच, आणखी पश्चिमेला. मास्तर पस्तीस मिनिटं थांबले असते तर सगळी शाळा काठीभोवती सावली शोधत फिरली असती.

त्यानंतर माझं कशात लक्ष लागेना. गिऱ्हाइकानं सिंगल चादर मागितली तर डबल दाखवायचो. रोज दुपारी दुकानाच्या दारात एक मोजपट्टी उभी करायची, सावली बघायची आणि चरफडायचं. मेच्या शेवटाला भर दुपारची सावली खरोखर दक्षिणेला गेली, आबा म्हणायचे तशी. बाजूचा विणकर म्हणाला, तुला वेड लागलंय. मी म्हणालो, तुझी सावली बघ आधी. त्यानं बघितली, मग दुसऱ्या दिवशी स्वतःच बघायला आला.

बाईंच्या शाळेत मी चार-पाच वेळा तरी गेलो असेन. काहीतरी निमित्त काढायचं, टॉवेल घेऊन जायचं. प्रश्न एक सुटला की दोन उगवायचे. मी विचारलं, माथा म्हणजे नक्की कुठं? त्या म्हणाल्या, प्रत्येक गावाचा माथा वेगळा, तुम्ही चार पावलं चाललात की तुमचा माथाही चार पावलं सरकतो. मी विचारलं, आत्ता जो सूर्य दिसतोय तो तरी आत्ताचा आहे ना? नाही म्हणाल्या. प्रकाशाला इथं यायला आठ मिनिटं लागतात, दिसतो तो आठ मिनिटांपूर्वीचा.

"म्हणजे शिळा सूर्य."

"शिळाच. तारे तर फार शिळे. काही इतके, की निघालेला प्रकाश इथं पोचेपर्यंत मागं काय झालं असेल सांगता येत नाही."

"आणि आत्ताचं?"

"आत्ताचं आपल्याला कधीच दिसत नाही, मालक."

मी टॉवेल टेबलावर टाकून निघून आलो होतो, नमस्कारसुद्धा न करता. मला वाटलं, ही बाई माझ्याबद्दलच बोलते आहे. ती बिचारी ताऱ्यांबद्दल बोलत होती.

पुढच्या वेळी मी हट्टानं विचारलं की या सगळ्याला मध्य तरी कुठं आहे. बाजाराला मध्य असतो, गावाला चावडी असते. विश्वाचा मध्य दाखवा, मग तिथून मोजतो. त्यांनी माझ्याच हातातला ताणला जाणारा होजिअरीचा कपडा घेतला आणि दोन्ही हातांनी ओढला. म्हणाल्या, या टाक्यावर बोट ठेवा. आता बघा, बाकीचे सगळे टाके तुमच्यापासून लांब चाललेत. आता त्या टाक्यावर ठेवा. तिथूनही तेच. प्रत्येक टाक्याला वाटणार, मीच मध्यावर. विश्व असं पसरतंय, त्याला मध्य नाही.

"कपड्याला काठ असतो," मी म्हणालो. कपड्यात मला कोण शिकवणार.

"कपड्याला असतो," त्या हसल्या. "विश्वाला काठ आहे की नाही, ते अजून कुणालाच माहीत नाही. उदाहरण फार ताणू नका, फाटेल."

"पण मध्य नाही तर मोजायचं कुठून?"

"उभे आहात तिथून."

मला राग आला. हे उत्तर मला एका मेंढक्यानं फुकट दिलं होतं. काठी जिथं रोवली तिथले बारा ते त्या काठीचे बारा.

म्हातारा सरत आला तेव्हा मी गावाकडं फोन लावला. आबांना सांगितलं की उद्या दुपारी अंगणात काठी रोवा, मी इथं गच्चीवर रोवतो. वहिनी फोन धरून उभ्या राहतील. तुमची सावली गेली की 'गेली' म्हणा. का, ते नंतर सांगतो. आबा म्हणाले, "एवढ्यासाठी फोन कशाला? गेली म्हंजी गेली."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ढग. अकरापर्यंत मी गच्चीवर येरझारा घालून शेजाऱ्यांना शिव्या दिल्या. त्यांचा काही दोष नव्हता. सव्वाबाराला ढग फाटले. माझ्या दांड्याची सावली आत येत येत बारा बत्तीसला दांड्यातच शिरली. फोन कानाला लावलेला होता. पलीकडं कोंबडीचा आवाज, वहिनींचा श्वास. एक मिनिट. दोन. मला वाटलं, आबांना दिसत नसेल, मोतीबिंदू आहे. तीन मिनिटं झाली आणि आबांचा आवाज आला.

"गेली."

घड्याळात बारा पस्तीस.

मी तिथंच भिंतीवर कोळशानं गणित मांडलं. गाव आणि सोलापूर, सरळ रेघेत पाऊणशे किलोमीटर. तेवढं अंतर ओलांडायला सावलीला तीन मिनिटं लागली. दिवसाची मिनिटं चौदाशे चाळीस. म्हणजे पृथ्वीचा घेर छत्तीस हजार किलोमीटर. नंतर बाईंना दाखवलं तर म्हणाल्या, आपल्या गावांच्या रेघेवर तो अडतीस हजारांच्या आसपास आहे. दोन काठ्या आणि एक फोन, त्या मानानं फार जवळ आलात. मी दोन हजार किलोमीटर सोडून दिले. आयुष्यात पहिल्यांदा असं काही सोडलं.

पण त्या दुपारी गणित झाल्यावर फोन चालूच होता. मी म्हणालो, "आबा, तुमचं बरोबर होतं. शाळेत. सातवीत. मास्तरांनी लवकर मोजलं."

"कवा?"

मी सगळं सांगितलं. घड्याळ, रेघ, पस्तीस मिनिटं, वीतभर सावली मावळतीला.

"ते व्हय," आबा म्हणाले. "आरं, सूर्य डोस्क्यावरनं गेला तर गेला की. त्येला काय मास्तराची परवानगी लागती?"

मला हसू आलं. मी म्हणालो, आबा, मी त्या दिवशी जे बोललो ते. घासाघीस करायला मला शब्द कमी पडत नाहीत, पण मागायला पडतात.

आबा म्हणाले, "त्या दिशी तू भाकरी न नेता गेलतास. म्हनून बांधून आणली हुती. ती तशीच माघारी नेली बग."

एवढंच. वहिनींनी फोन घेतला आणि विचारलं, पाऊस आहे का तिकडं.

फडक्यात बांधलेलं ते. मला पटांगण आठवत होतं, काठी आठवत होती, मास्तरांच्या फूटपट्टीवरची शाई आठवत होती. ते फडकं मी तेव्हाही बघितलं होतं आणि कधी विचारलं नव्हतं की त्यात काय आहे.

मी दुसऱ्याच दिवशी मास्तरांकडं गेलो. सून दार उघडायला आली. मास्तर खुर्चीत होते, अंगावर शाल, बाकी डोळे तसेच. मला त्यांनी ओळखलं. "चादरींचा मोठा व्यापारी झालास म्हणे," म्हणाले, "बस." मी बसलो नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान मागून घेतलं आणि त्याच्या पाठीवर काढून दाखवलं. ही रेघ, हे आपलं गाव, ही काठी, ही वीत. मास्तर बघत राहिले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि मला कळलं की माणूस अजून हुशार आहे.

"पश्चिमेला होती?"

"पश्चिमेला होती, गुरुजी."

ते पुढं वाकले, स्वयंपाकघराकडं एक नजर टाकली आणि सुनेला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "चुकलं माझं. झालं का समाधान? आता चहा घे."

मला तो रुमालाखालचा सौदा वाटला. दोघांतच. बाजूला कुणाला कळणार नाही असा. मी म्हणालो, गुरुजी, असं नाही. हसले होते तेव्हा सगळी शाळा हसली होती. शाळेच्या पटांगणात चला, पोरांसमोर सांगा.

"या वयात? लोक हसतील मला."

"हसू द्या. माझ्या बापाला हसलेच की."

मास्तरांनी शाल सारखी केली. त्यांचा आवाज आता हळू नव्हता. "वेळ माझी चुकली, मान्य. धडाही चुकला असेल. पण 'आबा खोटं बोलतात' हे मी फळ्यावर लिहून दिलं नव्हतं तुला. ते वाक्य तुझं."

सून चहा घेऊन आली तेव्हा मी दारात होतो. चपला उलट्या पायांत घातल्या, तशाच जिना उतरलो. खाली रिक्षावाल्यानं भाडं सांगितलं, ते घासाघीस न करता दिलं. तो माझ्याकडं संशयानं बघत होता.

तेव्हापासून मी त्या वाक्याला उत्तर शोधतोय आणि मला ते मिळत नाही. कारण ते नाही. मास्तर त्या एका गोष्टीत खरं बोलले. पण त्यानं त्यांची पस्तीस मिनिटं फिटत नाहीत. एकाच्या चुकीनं दुसऱ्याची चूक कापून जाते, असा काटा मी कुठल्याही बाजारात बघितला नाही.

म्हणून हे लिहितोय. मास्तर पेपर वाचतात, रोज वाचतात, सुनेनंच सांगितलं. गुरुजी, ही माझी अट. पुढच्या जुलैच्या अखेरीला, म्हातारा सरताना, त्याच शाळेच्या पटांगणात. गाडी मी पाठवतो. आबा काठी घेऊन येतील, मी विचारलंय, ते 'बरं' म्हणाले. ढग आले तर वर्ष गेलं आणि तुम्हा दोघांकडं वर्षं किती आहेत, ते मला बोलायला लावू नका. आधी मी बोलणार. सगळ्या पोरांसमोर सांगणार की मी माझ्या बापाला खोटं पाडलं, भाकरी घेऊन आलेल्या बापाला. ते माझं वाक्य, त्याचा जाब मी देतो.

मग तुमची पाळी. घंटा झाली होती, पण शाळा कुठं पळून चालली नव्हती. सावली मावळतीला होती आणि फूटपट्टी तुमच्या हातात होती. एक मेंढका तुम्हाला सांगत होता, जरा दम धरा. पस्तीस मिनिटं थांबायला तुमचं काय जात होतं, गुरुजी? रुमाल काढा आणि उत्तर द्या.